बिब्ब्याचा डाग, गुंजेचं माप

गेल्या वर्षी एका कॉलेजात कवितावाचनाला गेलो होतो. कार्यक्रम मैदानावर होता. मध्येच पाऊस आला आणि सगळ्यांना उठून वर्गात बसावं लागलं. सुरुवात करताना मी म्हणालो, "पावसानं आज बिब्बा घातला." मुलं हसली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "बिब्बा पाहिलाय का कुणी?" तीन हात वर आले. एक मुलगा म्हणाला, "सर, ट्रकला लिंबू-मिरची बांधतात ना, त्यात काळं असतं ते." बरोबर होतं. मी सांगितलं, मी लहानपणी बिब्ब्यातला गर घातलेले लाडू खाल्ले आहेत. तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी दचकून म्हणाली, "सर, तो तर विषारी असतो!"

तिचंही बरोबर होतं आणि माझंही. या दोन्ही गोष्टी एकाच फळात असतात, हे ज्यांना ठाऊक होतं आणि त्यातून कसं वागायचं हेही ठाऊक होतं, अशा माणसांबद्दल आज बोलायचं आहे.

आमचा चोपडा तालुका म्हणजे खाली तापी आणि वर सातपुडा. तापीकाठाला केळी आणि कपाशी, आणि अडावद ओलांडून वर वैजापूरच्या बाजूला निघालात की जंगल. या जंगलात भिल्ल, पावरा, तडवी अशा समाजांची वस्ती. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'उपविषं' म्हणून सात वनस्पतींची एक यादी येते : रुई, थोर, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. अफू सोडली तर उरलेल्या सहा मी शाळेच्या वाटेवर पाहिलेल्या आहेत. कुणाच्या बांधावर, कुणाच्या कुंपणात, कुणाच्या देवळामागे. म्हणजे विष आमच्या दाराशीच होतं आणि गाव त्याच्यासह नांदत होतं.

कसं नांदत होतं? त्यासाठी प्रथम देवळाकडे बघावं लागेल. मी मुसलमान घरातला, पण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आणि महादेवाला धोतऱ्याचं फूल आणि काटेरी फळ वाहायचं, हे मलाही लहानपणापासून माहीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो. मला वाटतं, जे झाड तोंडात घालायचं नाही ते देवाच्या अंगावर घातलं की त्याची ओळखही राहते आणि धाकही राहतो. पोराला पहिल्यांदा धोतरा दाखवला जायचा तो पूजेच्या ताटात, आणि त्याच वेळी मोठं माणूस सांगायचं, "हात धू, तोंडाला लावू नको."

हा धाक उगाच नव्हता. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. घरातली दासी मालकिणीला धोतरा खाऊ घालते आणि दागिने घेऊन पळते, अशी हकीगत तो सांगतो. पुढे एकोणिसाव्या शतकात ठगांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी जे खातं काढलं, त्याच्या दप्तरात धोतरा देऊन वाटसरूंना लुटणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता आमच्या खानदेशातून जात होता. धर्मशाळेत अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ नये, हा आमच्या वडीलधाऱ्यांचा नियम अशा रस्त्यांवरच तयार झाला असणार.

आता बिब्ब्याकडे येतो, कारण ते झाड माझ्या घरातलं आहे.

बिब्बा हा आंब्याच्या कुळातला. काळं, चकचकीत, बदामाच्या आकाराचं फळ, आणि त्याच्या देठाकडे एक मांसल, नारिंगी भाग. तो भाग वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. फळाच्या कवचात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, अंग सुजतं. आपल्याकडे म्हणतात, "बिब्बा उतला." काहींना नुसतं झाडाखाली बसलं तरी उततो. आणि या जहाल कवचाच्या आत असते गोडंबी, पांढरी, गोडसर, पौष्टिक. बाळंतिणीच्या लाडवांत ती हवीच. फूल खायचं, कवचापासून जपायचं, आतला गर पुन्हा खायचा. एका बोटाएवढ्या फळात एवढे तीन नियम.

कवचाच्या तेलाचाही उपयोग होताच. गावाचे कपडे एका घाटावर धुतले जात, तेव्हा कोणता कपडा कुणाचा हे ओळखायला धोबी सुईनं बिब्ब्याची खूण करी आणि वर चुना लावी. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नसे. इंग्रजांनी या फळाला 'मार्किंग नट' म्हटलं ते यावरूनच. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर खाजरे चट्टे उठायला लागले. डॉक्टर चक्रावले. शोध घेतल्यावर कळलं की जिथे धोब्याची खूण तिथेच चट्टा. १९४३ साली त्यावर अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. आमच्या धोब्याला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं.

या फळाला युनानी वैद्यकात 'बलादुर' म्हणतात. बुऱ्हाणपूरकडच्या एका हकीमसाहेबांकडून हे नाव मी प्रथम ऐकलं. स्मरणशक्तीसाठी ते देत, पण फार जपून. त्याचीही एक गोष्ट आहे. नवव्या शतकात बगदादला एक मोठा इतिहासकार होऊन गेला. त्याचा 'फुतूह अल-बुल्दान' हा ग्रंथ सिंधवरच्या अरब स्वारीच्या माहितीसाठी आजही अभ्यासक उघडतात. जग त्याला अल-बलाजुरी म्हणून ओळखतं. बलाजुरी म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर बिब्बेवाला! असं सांगतात की त्यानं, किंवा त्याच्या आजोबांनी, स्मरणशक्ती वाढावी म्हणून बिब्ब्याचा रस घेतला, प्रमाण चुकलं आणि वेड लागलं. आपल्याकडचं फळ समुद्रापलीकडे गेलं, औषध म्हणून पोचलं, पण त्याचं माप सांगणारा माणूस काही प्रत्येक वेळी सोबत गेला नाही.

आणि बिब्ब्यानं कोर्टही पाहिलं आहे. अंगाला बिब्ब्याचं तेल लावून मारहाणीचे खोटे वळ तयार करायचे आणि शत्रूवर फिर्याद ठोकायची, ही युक्ती एवढी चालायची की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत खरा मुका मार आणि बिब्ब्याचा डाग यांतला फरक शिकवावा लागला. डॉ. जयसिंग मोदी यांचं १९२० साली प्रथम निघालेलं पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांनी अभ्यासलं, त्यातही तो आहे. तेव्हा जुन्या काळातली माणसं सगळी भोळी आणि निसर्गाशी एकरूप होती, असं कृपा करून कुणी म्हणू नये. ती हुशार होती, आणि हुशारीचे सगळे उपयोग त्यांना ठाऊक होते.

माझी नानी बिब्बे फोडायची. थंडी सरता सरता व्यापाऱ्याकडून पोतं घरी येई. गल्लीतल्या चार-पाच बायका अंगणात बसत. हाताला तेल चोळायचं, वर राख लावायची, दगडावर बिब्बा धरून नेमका घाव घालायचा. गोडंबी अखंड निघाली तर भाव, तुटली तर अर्धा. मजुरी निघालेल्या गोडंबीच्या वजनावर. तेल कितीही चोळलं तरी आठवड्याभरात बोटं काळी पडत, कातडं सोलवटून निघे. तोंडावर उडालं तर डोळे सुजून बंद होत. मग खोबरं चावायचं, खोबरं लावायचं आणि उतार पडला की पुन्हा बसायचं. ईदच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्या बायका मेंदी लावत. नानी लावत नसे. सोलवटलेल्या कातडीला मेंदी झोंबते. आम्हा पोरांना जवळ घेताना ती मनगटानं घ्यायची, पंजा लागू द्यायची नाही. ते तेव्हा आम्हाला तिची लकब वाटायची.

पारंपरिक ज्ञान हा शब्द अलीकडे सभांमधून फार ऐकू येतो. मी तो ऐकला की मला ते हात आठवतात. गोडंबीचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. ती बाहेर कशी येते, हे सांगणारं कुणी त्या सभेत नसतं. विदर्भाच्या काही भागांत बायका अजूनही घरोघर बिब्बे फोडतात.

गुंजेची गोष्ट याहून वेगळी. लाल बी आणि त्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनवर पक्का केला. आजच्या हिशेबात साधारण ११.६६ ग्रॅम. त्याआधी आणि त्यानंतरही, सोनाराच्या तराजूत गुंजच असे. हे बी मुळात अत्यंत विषारी. कवच टणक असल्यामुळे अख्खं गिळलं गेलं तर बहुधा तसंच बाहेर पडतं, फुटलं तर जिवावर येऊ शकतं. गंमत अशी की याच वेलीचा पाला गोड असतो आणि पानाच्या विड्यात टाकतात. आवाज सुटावा म्हणून कीर्तनकार आणि कव्वाल दोघंही तो चघळत. बी तराजूत आणि पाला तोंडात, ही वाटणी कधी कुणी चुकवली नाही.

पण गुंजेला आणखी एक काळी बाजू होती. बी वाटून त्याच्या सुया करायच्या आणि गुरांना टोचायच्या, म्हणजे जनावर मरतं आणि कातडं मिळतं, अशा तक्रारी एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून येऊ लागल्या. हे विष जंतूंचं की वनस्पतीचं, यावर वाद झाला आणि १८८४ साली कलकत्त्याच्या वॉर्डन आणि वॅडेल या दोघांनी दाखवून दिलं की ते बियातल्याच द्रव्याचं आहे. असे गुन्हे घडले, यात शंका नाही. पण त्याच काळात बुळकांडीच्या साथीनं गुरं हजारोंनी मरत होती. मेलेलं जनावर ओढणं आणि कातडं काढणं ज्या जातींच्या माथी मारलेलं होतं, त्या सगळ्या जातींवरच विषप्रयोगाचा संशय सरकारी कागदांत चिकटला. झाडाची माहिती असणं हाच पुरावा ठरला. १८७१ साली काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा आला, तो याच मनोवृत्तीतून. बिब्ब्याचा डाग कापड फाटेपर्यंत टिकतो. हा डाग माणसं मेल्यावरही राहिला.

कळलावीचं नावच सांगतं की ती कळ लावते. श्रावणात सातपुड्याच्या वाटेवर कुंपणावर चढलेली दिसते, पिवळी-तांबडी, पेटलेल्या ज्योतीसारखी. कुणी भांडण लावून दिलं की आपण त्याला कळलाव्या म्हणतो. बाळंतीण अडली की सुईण हिचा कंद उगाळून अंगावर बाहेरून लेप लावी आणि मूल होताक्षणी तो पुसून काढी. एका म्हाताऱ्या सुईणीला मी याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, माप चुकनं का मानूस गया." मग जरा थांबून म्हणाली, "मना हातनं बी गयेल शे." माझ्याही हातून गेलं आहे. मी पुढे काही विचारलं नाही.

कळलावीत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८२० साली युरोपातल्या दुसऱ्या एका कंदातून वेगळं केलं. सांधे सुजण्याच्या एका आजारावर, ज्याला गाऊट म्हणतात, त्याची गोळी आज डॉक्टर देतात. तमिळनाडूत तर कळलावीची शेती होते आणि बी परदेशी जातं. त्या गोळीचं माप मिलिग्रॅममध्ये आहे. सुईणीचं माप तिच्या बोटांत होतं आणि चूक झाली तर दोन जीव जात. लग्नाआधी राहिलेले दिवस लपवण्यासाठीही हाच कंद गुपचूप वापरला जाई, आणि त्यात गेलेल्या मुलींची नोंद कुठेच नाही. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखाना मिळतो ही फार मोठी गोष्ट आहे. त्या दिवसांत परत जावं, असं मी कधीही म्हणणार नाही.

आता वर जंगलात जाऊ. उन्हाळ्यात सातपुड्यातले नाले आटतात, डोह तेवढे उरतात. तेव्हा पाड्यावरची माणसं गेळाची किंवा हिंगणबेटाची फळं कुटून डोहात टाकत. पाण्याला फेस येई आणि थोड्या वेळानं मासे गुंगून वर येत. या फळांत फेस आणणारं द्रव्य असतं, रिठ्यात असतं तसंच. ते माशाच्या कल्ल्यांवर असर करतं. माणसाच्या पोटात मात्र ते फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो मासा खाता येतो. हिंगणबेटाच्या गरानं कपडे धूत आणि पोरं त्याचा गर चोखतही. एका पावरा बाबांनी मला सांगितलं की हे काम एकट्यानं करायचं नाही, सगळ्या पाड्यानं मिळून करायचं, आणि ज्या डोहाचं पाणी गुरं पितात तिथं नाही.

१८९७ साली सरकारनं मासेमारीचा कायदा केला. त्यात पाण्यात विष घालून मासे मारणं हा गुन्हा ठरला. त्याच कायद्यात सुरुंगाची दारू फोडून मासे मारण्यालाही बंदी आहे. हेतू चांगलाच होता. पण गेळाचं फळ आणि सुरुंग एका ओळीत बसले. मधला फरक जाणणारा माणूस कायदा लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी नव्हता. पुढे व्हायचं तेच झालं. गेळ कुटणारे कमी झाले आणि शेतात फवारायचं औषध डोहात ओतणारे निघाले. ते पाण्यात रेंगाळतं, माशात उतरतं आणि खाणाऱ्याच्या पोटातही जातं.

हे सगळं कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं, असं वाटत असताना मला एक नाव सापडलं आणि फार आनंद झाला. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, जन्म १८४९, मृत्यू १९१७. लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले. त्यांनी १८९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बामनदास बसू यांच्याबरोबर केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली निघाला. आणि हे गृहस्थ मराठीतले कवी होते. टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी 'इंदिरा' हे काव्य लिहिलं आणि १९०९ साली बडोद्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विषारी झाडं पाहणारा आणि कविता लिहिणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष होता, ही गोष्ट आमच्या कविमंडळींना ठाऊक असायला हरकत नाही. त्यांनी झाडांची पानं, फुलं, विषाचे परिणाम टिपले. पण सुईणीची बोटं आणि फोडणारणीचे हात टिपण्याचं काम शास्त्राच्या कक्षेत येत नव्हतं. ते आपलं, लिहिणाऱ्यांचं काम होतं. आपण ते केलं नाही.

मित्रहो, विष काही गावातून गेलेलं नाही. ते आता बाटलीतून येतं. बाटलीवर चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. १९७१ च्या नियमांनी ही खूण ठरवून दिली. चांगली सोय आहे. पण माझ्या ओळखीच्या किती शेतमजुरांना या रंगांचा अर्थ माहीत आहे, हे मी विचारून पाहिलं. दहा जणांत एकाला. बहुतेकांना हिरवा आणि लाल दोन्ही 'औषध'च. आपण त्याला औषधच म्हणतो ना! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथंही कपाशी आणि इथंही कपाशी. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फार तर रुमाल बांधून जाणारी माणसं आमच्या शिवारातही रोज दिसतात.

कळलावीला कुणी वेगळं लेबल लावलेलं नव्हतं. तिचं नावच तिचं लेबल होतं. बिब्बा उततो हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होतं, कारण तशी म्हण तिच्या तोंडी होती आणि तसे हात तिच्या शेजारी होते. नव्या विषाला नाव इंग्रजी, अक्षर बारीक आणि शिकवणारं कुणी नाही. जुनी झाडं परत आणून हे सुटणार नाही. पण विष ज्याच्या हातात द्यायचं त्याच्या भाषेत, त्याच्या शेजारी उभं राहून त्याचं माप शिकवायचं, एवढी एक रीत जुन्या गावाकडून घेता येईल. दुकानदारानं, कृषी सहायकानं, शिकलेल्या मुलानं, कुणीही ती घ्यावी.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, ती गोडंबी कुठे मिळेल?" मी म्हटलं, "किराणा दुकानात मिळते, बेटा. विकतच घे, बिब्बा स्वतः फोडायला जाऊ नकोस." मग मी तिला नानीविषयी सांगितलं. ती आम्हाला मनगटानं जवळ घ्यायची, हेही सांगितलं. मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं स्वतःचे हात उलटे करून पाहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)